स्टोरेज फुल झाले? लगेच डिलीट करू नका

'स्टोरेज फुल' दिसले की बहुतेकांचा हात आधी गॅलरीकडे जातो. मग एकेक फोटो बघत 'हा राहू दे, हा नको' करत अर्धा तास जातो, शे-दोनशे एमबी सुटतात आणि संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हळदीचा अख्खा व्हिडिओ टाकतो. जागा पुन्हा गायब. वैतागून दुसऱ्या खेपेला लोक सरसकट डिलीट मारतात आणि नातवाच्या बारशाचे फोटो त्यातच जातात.

मेहनत कमी पडते असे नाही, क्रम चुकतो. आधी मोजायचे, मग प्रत काढायची, ती उघडून तपासायची, मग निव्वळ कचरा काढायचा आणि फोटोंना हात सगळ्यात शेवटी लावायचा. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. सुट्टीच्या दिवशी, चार्जर लावून आणि वायफायवर बसून करा. घाईत, गाडी पकडायच्या आधी करायचे हे काम नव्हे.

१. नेमकी कोणती जागा भरली आहे ते ओळखा

इथेच निम्मे लोक फसतात. 'फोनचे स्टोरेज भरले' आणि 'गूगल खात्याचे स्टोरेज भरले' हे दोन वेगळे निरोप आहेत. फोनची जागा म्हणजे तुमच्या हातातल्या यंत्रातली ६४, १२८ किंवा २५६ जीबी. गूगल खात्याची जागा म्हणजे फुकट मिळणारी १५ जीबी, आणि तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून. आयफोनवर आयक्लाउडची फुकट जागा ५ जीबी असते, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचीही तेवढीच.

निरोप गूगलचा असेल, तर फोनमधले गेम आणि गाणी काढून काहीही होणार नाही. आणि फोन भरला असेल, तर जीमेलमधल्या जुन्या मेल पुसण्यात वेळ घालवू नका. गूगलची जागा काठोकाठ भरली की नवीन मेल येणेच थांबते, त्यामुळे तो निरोप 'नंतर बघू' म्हणून सोडायचा नाही. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा गूगलवरचा बॅकअपही आता याच १५ जीबीतून मोजला जातो. बऱ्याच जणांचे खाते त्यामुळेच भरलेले असते.

तपासा: निरोपाचा फोटो काढून ठेवा किंवा त्यावर बोट ठेवून तो कुठल्या ॲपकडून आला ते बघा. गूगलचा, आयक्लाउडचा की फोनच्या सेटिंग्जचा, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. पुसण्याआधी मोजा

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडा. काही फोनांत ते 'बॅटरी अँड डिव्हाइस केअर' किंवा 'अबाउट फोन'च्या आत असते. सापडले नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत टाइप करा. आयफोनवर सेटिंग्ज, मग जनरल, मग 'आयफोन स्टोरेज'. विंडोजवर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, स्टोरेज.

समोर येणारी यादी मोठ्यापासून लहानाकडे लावलेली नसेल तर तशी लावून घ्या आणि वरची पाच नावे कागदावर लिहा. पुढचे सगळे काम त्या पाच नावांवर करायचे. तळाशी असलेली वीस-पंचवीस एमबीची ॲप काढत बसणे म्हणजे नुसती दमछाक.

जाता जाता एक शंका मिटवू. २५६ जीबीची डिस्क घेतली तरी विंडोज २३८ जीबीच दाखवते. कंपनी जीबी मोजताना हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. जागा कुणी चोरलेली नसते, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

३. प्रत काढा, आणि ती उघडून बघा

प्रत म्हणजे दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली, या फोनमधले पुसले तरी जिवंत राहणारी फाइल. या व्याख्येत न बसणाऱ्या तीन गोष्टी लोक प्रत समजतात.

पहिली, कॉम्प्युटरवरची डी ड्राइव्ह. आपल्याकडे 'महत्त्वाचे सगळे डी मध्ये आहे, काळजी नाही' असे हमखास ऐकायला मिळते. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क बिघडली की दोन्ही जातात. सी मधली जागा मोकळी करायला डी उपयोगी आहे, प्रत म्हणून नाही.

दुसरी, सिंक. गूगल फोटोज, आयक्लाउड फोटोज, वनड्राइव्ह हे तिन्ही फोन किंवा कॉम्प्युटर आणि क्लाउड (कंपनीच्या सर्व्हरवरची तुमची इंटरनेटवरची जागा) यांना जुळवून ठेवतात. जुळवून ठेवणे याचा अर्थ इथे पुसले की तिथेही पुसले जाते. गूगल फोटोज ॲपमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केलात तर तो खात्यातूनही जातो. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर आयफोनवर पुसलेला फोटो आयपॅडवरून आणि मॅकवरूनही नाहीसा होतो. 'क्लाउडवर आहे ना, मग फोनमधून काढतो' या एका वाक्याने जेवढे फोटो घालवले, तेवढे पाण्यात पडलेल्या फोनांनीही घालवले नसतील.

तिसरी, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले फोटो. फोटो म्हणून पाठवले की ते दाबून लहान केले जातात. मूळ दर्जा हवा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे लागते, आणि तरीही ते त्याच फोनमध्ये बसतात.

खरी प्रत काढायचा सोपा मार्ग म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी (तेच काम करणारी, जास्त वेगवान डिस्क). अँड्रॉइड फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा, फोनवर येणाऱ्या सूचनेत 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि डीसीआयएम हे फोल्डर उचलून डिस्कवर ठेवा. कॅमेऱ्याचे सगळे फोटो-व्हिडिओ त्यातच असतात. व्हॉट्सॲपचे फोल्डर त्याच्या बाहेर असते: अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सॲपच्या नावाचे. तेही घ्या.

सावधान: कॉपी करा, कट नको. मध्येच केबल हलली किंवा लाइट गेली तर कट केलेली फाइल ना इथली ना तिथली राहते.

आयफोनवाल्यांसाठी: 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर फोनमध्ये फोटोंच्या छोट्या आवृत्त्याच असू शकतात आणि केबलने सगळे मूळ फोटो मिळत नाहीत. अशा वेळी कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून आयक्लाउडच्या साइटवर जाऊन ते उतरवा.

तपासा: फोनवरच्या फोल्डरमधल्या फाइलींची संख्या आणि डिस्कवरच्या फोल्डरमधली संख्या जुळते का? डिस्कवरून एक सर्वांत जुना फोटो, एक मधला आणि एक मोठा व्हिडिओ उघडून शेवटपर्यंत चालवून बघा. मग डिस्क 'इजेक्ट' करूनच काढा. गूगल फोटोजवर भिस्त असेल तर फोनमध्ये बघून खात्री करू नका, कारण फोन स्वतःकडचीच प्रत दाखवतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये त्याच खात्याने लॉगिन करा आणि तिथे दिसतात का ते पाहा.

४. बिनधोक कचरा आधी

आता पुसायला सुरुवात. ज्याबद्दल विचारच करावा लागत नाही, ते पहिले.

डाउनलोड्सचे फोल्डर उघडा. सातबाऱ्याची तीच पीडीएफ चार वेळा, नावापुढे कंसात १, २, ३. लाइट बिल. कुठल्यातरी परीक्षेचे हॉलतिकीट. बँकेची स्टेटमेंट. क्लासच्या नोट्स. एपीके फाइली, म्हणजे ॲप बसवायच्या फाइली, ज्यांचे ॲप कधीच इन्स्टॉल होऊन गेले. साइझप्रमाणे लावून वरून खाली या. आधार, पॅन, गुणपत्रिका सापडल्या तर पुसण्याआधी डिजिलॉकरमध्ये आहेत का ते पाहा. स्टेटमेंटची पीडीएफ पासवर्ड लावलेली असते आणि बँकेकडून पुन्हा मिळते, पण जुनी असेल तर मिळेलच असे नाही. आयकरासाठी लागणारी बाजूला काढा.

ओटीटी आणि गाण्यांच्या ॲपमध्ये प्रवासासाठी उतरवून ठेवलेले एपिसोड, सिनेमे, प्लेलिस्ट काढा. हे गॅलरीत दिसत नाहीत, म्हणून विसरले जातात आणि एकेक सिनेमा जीबीच्या घरात जातो. ॲपच्या आतल्या 'डाउनलोड्स'मधूनच काढावे लागतात.

टेलिग्राम वापरत असाल तर तिथे मोठा लाभ होतो. त्याच्या 'डेटा अँड स्टोरेज'मध्ये जाऊन कॅश, म्हणजे ॲपने तात्पुरत्या साठवलेल्या फाइली, साफ करा. साध्या चॅटमधल्या आणि चॅनेलवरच्या फाइली त्यांच्या सर्व्हरवर राहतात, लागल्या तर पुन्हा उतरवता येतात. सीक्रेट चॅटला मात्र हे लागू नाही. हाच भरवसा व्हॉट्सॲपवर ठेवायचा नाही.

स्क्रीनशॉटचा अल्बमही याच टप्प्यात संपवा. यूपीआयच्या पावत्यांचे स्क्रीनशॉट बहुतेकांकडे शेकड्यांनी असतात. व्यवहाराचा इतिहास ॲपमध्ये आणि बँकेत असतोच.

५. व्हॉट्सॲप: खरा खादाड

सेटिंग्ज, 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज'. इथे वर दोन कप्पे दिसतात, '५ एमबीपेक्षा मोठ्या' आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेले'. दुसरा आधी घ्या. सुप्रभात, दत्तजयंतीच्या शुभेच्छा, कुठल्याशा डॉक्टरच्या नावाने फिरणारा लिंबूपाण्याचा व्हिडिओ, सगळे तिथे एकत्र सापडते. 'सिलेक्ट ऑल' करायला माझी हरकत नाही, पण एकदा वरून खालपर्यंत नजर फिरवा. घरच्यांचा फॉरवर्ड झालेला फोटोही कधी कधी त्यात असतो.

मग 'मोठ्या फाइली'. इथे मात्र एकेक बघायचे. त्याखाली चॅटनुसार यादी असते. सोसायटी, शाळेचा वर्ग, भिशी असे ग्रुप उघडून त्यातले मीडिया काढा. मेसेज तसेच राहतात.

अँड्रॉइडवर एक कोपरा कुणी बघत नाही. मघाशी सांगितलेल्या व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये मीडिया, त्यात व्हिडिओ, आणि त्याच्या आत 'सेंट' नावाचे फोल्डर असते. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओंच्या प्रती इथे साठतात. म्हणजे एकच व्हिडिओ कॅमेऱ्याच्या फोल्डरात एक आणि इथे एक. फोटोंचेही तसेच. मूळ तुमच्याकडे असेल तर हे फोल्डर रिकामे करायला हरकत नाही; चॅटमध्ये मात्र ते फोटो मग उघडणार नाहीत.

सावधान: व्हॉट्सॲपवरून पुसलेला जुना फोटो चॅटमधून पुन्हा उतरवता येईल असे धरून चालू नका. 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केल्याने जागा वाचते हाही गैरसमज. त्याने नवे फोटो गॅलरीत दिसायचे थांबतात, फोनमध्ये यायचे थांबत नाहीत. आणि फोनच्या सेटिंग्जमधून व्हॉट्सॲपचा 'क्लिअर डेटा' कधीही दाबू नका. 'क्लिअर कॅश' चालेल. ही दोन बटणे शेजारी-शेजारी असतात आणि परिणाम मात्र आकाशपाताळाएवढे वेगळे.

६. फोटो आणि व्हिडिओ

इथवर येईपर्यंत अनेकांची गरज भागलेली असते. भागली असेल तर थांबा.

नसेल तर फोटो सोडा, व्हिडिओ बघा. आयफोन स्वतःच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओच्या दर्जानुसार हिशोब देतो: १०८०पी, ३० फ्रेमवर एका मिनिटाला सुमारे ६० एमबी, आणि ४के, ६० फ्रेमवर सुमारे ४०० एमबी. गणपतीच्या आरतीचा पाच मिनिटांचा ४के व्हिडिओ दोन जीबी खातो, तेवढ्या जागेत शेकडो फोटो मावतात. म्हणून गॅलरीत 'व्हिडिओ' असा फिल्टर लावा आणि लांबीने मोठे आधी बघा. खिशात चुकून चालू राहिलेले, जमीन दाखवणारे व्हिडिओ तिथेच भेटतात.

गूगल फोटोज वापरत असाल तर डिलीटऐवजी 'फ्री अप स्पेस' हा पर्याय वापरा. तो खात्यात पोचलेल्याच फाइली फोनमधून काढतो, खात्यातल्या तशाच राहतात. दाबण्याआधी दोन गोष्टी बघा. बॅकअपचा दर्जा 'स्टोरेज सेव्हर' असेल तर क्लाउडवर दाबलेली आवृत्ती आहे आणि मूळ आवृत्ती फक्त फोनमध्ये आहे. ती हवी असेल तर तिसऱ्या टप्प्यातली हार्ड डिस्कवरची प्रत झालेली असलीच पाहिजे. दुसरे म्हणजे गूगल फोटोज सहसा कॅमेऱ्याच्या फोल्डरचाच बॅकअप घेते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचे फोल्डर वेगळे चालू करावे लागते. बहिणीने अमेरिकेहून पाठवलेले बाळाचे फोटो 'गूगलवर असतीलच' असे समजून लोक हातानेच पुसतात, आणि ते तिथे कधी गेलेलेच नसतात.

आयफोनवर 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू करा. मूळ फोटो आयक्लाउडवर, फोनमध्ये हलकी आवृत्ती. ५ जीबीच्या फुकट जागेत हे कुणाचेच बसत नाही, त्यामुळे पैसे भरायची तयारी नसेल तर प्रत काढून पुसणे हाच मार्ग. आयओएस १६ पासून फोटोजमध्ये 'डुप्लिकेट्स'चा अल्बम आहे, तोही बघा.

७. ॲप काढताना

मोठे गेम, एकदाच वापरलेली शॉपिंगची ॲप, फोनबरोबर आलेली भर, काढून टाका. आयफोनवर 'ऑफलोड' केले तर ॲप जाते पण त्यातली माहिती राहते. 'डिलीट'मध्ये दोन्ही जातात.

सावधान: ओटीपीऐवजी सहा आकडी कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप जागेसाठी कधीही काढू नका. कोड दुसरीकडे हलवले नसतील तर ऑफिसच्या खात्याला कायमचे कुलूप लागू शकते. यूपीआयची ॲप काढली तर पैसे जात नाहीत, पण पुन्हा टाकल्यावर त्याच सिमवरून नंबर तपासून घ्यावा लागतो. परदेशात असताना आणि भारतातले सिम बंद असताना तेवढे टाळा.

'क्लीनर', 'बूस्टर' अशा नावांची ॲप मात्र पहिल्यांदा काढा. ती करतात ते काम सेटिंग्जमध्येच होते. वर जाहिराती आणि स्वतःची जागा घेतात ती वेगळीच. कॅश साफ करून मिळालेली जागाही फार दिवस टिकत नाही, ॲप ती पुन्हा भरते. निकडीपुरता उपाय म्हणून ठीक.

८. विंडोजचा कॉम्प्युटर

सी ड्राइव्ह लाल झाली की लोक सी मध्ये शिरतात आणि 'विंडोज' किंवा 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरमध्ये मोठे दिसेल ते पुसू लागतात. तिथे हात घालू नका. प्रोग्राम काढायचा तर सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'मधून अनइन्स्टॉल.

क्रम असा ठेवा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, 'टेंपररी फाइल्स'. यादी भरायला थोडा वेळ लागतो. अपडेटचे अवशेष, थंबनेल, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनच्या फाइली यांना टिक करा. याच यादीत 'डाउनलोड्स' असेही नाव दिसेल. त्यावर टिक असेल तर काढा, कारण ते तात्पुरते काही नसून तुमचे स्वतःचे फोल्डर आहे. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसले तर ते काही जीबी देते, पण ते काढल्यावर जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही. नवे विंडोज नीट चालत असेल तर काढा. तसेही मोठ्या अपडेटनंतर दहा दिवसांनी विंडोज ते आपणहून काढते.

मग स्वतःच्या मोठ्या फाइली. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह उघडून शोधपट्टीत कर्सर ठेवा, 'सर्च ऑप्शन्स'मध्ये साइझ निवडा आणि सर्वांत मोठा गट, म्हणजे ४ जीबीच्या वरचा, शोधा. जुने सिनेमे, मिटिंगची रेकॉर्डिंग, फोनचे विसरलेले बॅकअप वर येतात. मधेच सिस्टिमच्या फाइलीही दिसतील. नाव ओळखीचे नसेल तर सोडून द्या.

डेस्कटॉपवर ठेवलेले सगळे सी मध्येच बसते. लग्नाच्या फोटोग्राफरने दिलेले ८० जीबीचे फोल्डर डेस्कटॉपवर पडलेले असेल तर सगळा उलगडा तिथेच होतो. ते बाहेरच्या डिस्कवर हलवा, तिसऱ्या टप्प्याच्याच शिस्तीने.

सावधान: डेस्कटॉपच्या चिन्हांवर हिरवी बरोबरची खूण किंवा ढग दिसत असेल तर ते फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेले आहे. तिथून पुसले की क्लाउडवरूनही जाते. जागाच हवी असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा. फाइल क्लाउडवर राहते आणि उघडताना इंटरनेट लागते. शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबायची सवय असेल तर आजच्या दिवस मोडा. त्याने फाइल रिसायकल बिनमध्ये थांबतच नाही.

९. ट्रॅश: शेवटी आणि सावकाश

'एवढे पुसले तरी जागा तेवढीच' ही तक्रार इथे सुटते. पुसलेल्या फाइली ट्रॅशमध्ये जागा धरून बसलेल्या असतात, आणि ट्रॅश एक नसते. गूगल फोटोजची वेगळी, फोनच्या गॅलरीची वेगळी, फाइल मॅनेजरची वेगळी, कॉम्प्युटरची रिसायकल बिन वेगळी. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या फाइली ६० दिवस राहतात, न झालेल्या ३०. आयफोनवर 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये साधारण ३० दिवस.

निकड नसेल तर ट्रॅश लगेच रिकामी करू नका. आठवडाभर थांबा, घरातल्या कुणीतरी 'तो फोटो कुठे गेला' असे विचारले तर तोवर परत आणता येतो. एकदा रिकामी केली की संपले. आजचे फोन माहिती कुलूपबंद करून साठवतात आणि एसएसडी पुसलेला भाग आपणहून साफ करते, त्यामुळे प्ले स्टोअरवरच्या 'रिकव्हरी' ॲपकडून फारशी आशा नको. पैसे तर अजिबात भरू नका.

तपासा: दुसऱ्या टप्प्यात लिहिलेली पाच नावे आणि त्यांचे आकडे पुन्हा बघा. ज्या नावाचा आकडा हलला नाही, त्याची ट्रॅश राहिली आहे.

१०. पुन्हा लगेच भरू नये म्हणून

व्हॉट्सॲपच्या 'मीडिया ऑटो-डाउनलोड'मध्ये मोबाइल डेटा आणि वायफाय या दोन्हींखाली व्हिडिओची टिक काढा. एवढ्या एका बदलाने सगळ्यात जास्त फरक पडतो. कॅमेरा १०८०पी वर ठेवा. ४के मोठ्या टीव्हीवर बघायचे असेल तेव्हाच. विंडोजवर 'स्टोरेज सेन्स' चालू करा, मात्र त्यातला डाउनलोड्सचा पर्याय 'नेव्हर'वर ठेवा.

आई-वडिलांच्या ३२ जीबीच्या जुन्या फोनात हे सगळे करूनही जागा होत नसेल, तर ती होणारही नाही. सिस्टिम आणि अपडेट मिळूनच तिथे बराचसा भाग जातो. मेमरी कार्डाची सोय असेल तर कॅमेऱ्याचे फोटो कार्डावर साठवायला लावा. कार्ड ओळखीच्या दुकानातून बिलासह घ्या, कारण डब्यावर २५६ जीबी लिहिलेली आणि आत त्याच्या कितीतरी कमी जागा असलेली बनावट कार्डे बाजारात भरपूर आहेत. घरी आल्यावर त्यावर मोठमोठ्या फाइली भरून, त्या परत उघडून बघा, आणि मगच फोटो त्याच्या हवाली करा.